शेऱ्याचा रकाना कुठं गेला?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

कामाच्या तासांवरनं तुमच्या पेपरात वाचकांची पत्रं येतायत ती मी नेमानं वाचतोय. नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तासांचं काढलं, मग २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या चेअरमननी ते ९० वर नेलं, आणि सप्टेंबरात आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यात दिवसाला ९ च्या जागी १२ तासांपर्यंत काम घ्यायच्या बदलाला मंजुरी दिली, त्यामुळं सगळे तासांवरच बोलणार हे साहजिक आहे. मला मात्र वेगळं बोलायचंय. ते तास मोजतं कोण, लिहितं कशावर, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते बघायला तरी मिळतं का? कारण मी आयुष्यभर तेच काम केलं. कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, टाईम ऑफिसला होतो. टाईमकीपर म्हणजे कामगारांच्या लेखी मालकाचा माणूस आणि मालकाच्या लेखी कामगारांना सामील असलेला माणूस, दोन्हीकडनं शिव्या खायची नोकरी.

आताच्या पोरांनी बघितलं नसेल म्हणून सांगतो. गेटमधनं आत आलं की भिंतीला पत्र्याचे दोन रॅक, एक आतचा एक बाहेरचा, आणि मधी घड्याळाचं मशीन. आपल्या टोकन नंबरचं कार्ड काढायचं, फटीत सारायचं, खट्ट करून वेळ छापली जायची, की कार्ड दुसऱ्या रॅकला लावून पुढं. आतली शाईची फीत दोन रंगांची असायची, पाळीच्या वेळेपर्यंत निळा छाप, वेळ उलटली की लाल. अंगठेबहाद्दर माणूससुद्धा कार्ड लांबनं बघून सांगायचा की ह्या महिन्यात आपले लाल किती झालेत आणि पगारात काय कापणार. आणि तो बरोबर सांगायचा, कारण जे मला दिसायचं तेच त्याला दिसायचं. त्या कार्डांवरनं मी मस्टर, म्हणजे हजेरीपट, भरायचो आणि मस्टरला अगदी शेवटी एक रकाना असायचा, शेऱ्याचा. त्यात काय काय लिहिलंय म्हणून सांगू. "कवठ्याची एसटी तानंगजवळ बंद पडली, सर्व कामगार उशिरा, लेट धरू नये, फोरमनची सही." "डाव्या हाताला भाजले, दवाखान्यात पाठविले." "बेंदूर, न सांगता गावी." एकदा एका फेटलिंगवाल्याच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्याच्या, नावापुढं फोरमननं नुसतं "भांडून गेला" एवढं लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी तो गडी ऑफिसात येऊन म्हणाला मी भांडून गेलो नाही, ग्राइंडरचा गार्ड तुटलेला होता म्हणून काम सोडून गेलो, हे लिहा. लिहिलं. त्याच रकान्यात, खाली, बारीक अक्षरात. पुढं महिन्याभरानं चौकशी लागली तेव्हा ती बारीक ओळ त्याच्या उपयोगाला आली.

हे हजेरीचं घड्याळ काय आपल्याकडचं नव्हे. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या विलार्ड बंडी नावाच्या एका सराफानं १८८८ मध्ये ते काढलं, आणि पुढं कंपन्या एकात एक मिसळत गेल्या त्यातनं आयबीएम झाली. आपल्या पोराला आयबीएममध्ये नोकरी लागली की आपण पेढे वाटतो, त्या कंपनीच्या खानदानात हजेरीचं घड्याळ आहे हे कुणाला ठाऊक नसतं.

घड्याळाच्या आधी मुकादम होता. आपल्या सातारा-सांगलीकडची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली ती बहुतेक मुकादमाच्या ओळखीनंच. कामावर घेणार तो, काढणार तो, बदलीवाल्याला आज साचा, म्हणजे माग, द्यायचा की हात हलवत परत पाठवायचा ते ठरवणार तो, आणि त्यासाठी दस्तुरी, म्हणजे कामाला लावायचा हप्ता, खाणार तोच. इंग्रज सरकारनं कामगारांच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनच्या १९३१ च्या रिपोर्टात ह्या दस्तुरीबद्दल लिहिलेलं आहे. मुकादमाचा सगळा हिशोब त्याच्या डोक्यात. तुझं नाव आज का नाही असं विचारायची सोय नव्हती, विचारलं तर उद्याही नाव नाही. नारायण मेघाजी लोखंडेंनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १० जून १८९० पासनं रविवारची सुट्टी मिळवली. ती सुट्टी आज आपण सगळे भोगतो, पण माझ्या मते त्या लढ्यातली तेवढीच मोठी गोष्ट म्हणजे काम किती, सुट्टी कधी हे एका माणसाच्या मर्जीतनं निघून कागदावर आलं. आणि मुकादम काय संपला नाही. आपल्याच जिल्ह्यात साखर कारखान्याच्या सीझनला बीडकडनं कोयते येतात त्यांना विचारा, उचल किती घेतली, खाडे किती धरले, फिटली किती, हे कुणाच्या वहीत असतं. मुकादमाच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याला ती वही बघायला मिळत नाही.

मी नोकरीत असताना लेबर लॉचा डिप्लोमा केला होता संध्याकाळच्या वर्गाला, तेव्हा हा सगळा इतिहास थोडाफार वाचला, आणि एक गोष्ट डोक्यात बसली ती अजून गेली नाही. जुन्या काळातल्या मालकानं आणि कडकातल्या कडक मॅनेजरनंसुद्धा कामगाराला त्याचा निकाल दाखवला होता. स्कॉटलंडात न्यू लॅनार्कला रॉबर्ट ओवेनची सूतगिरणी, साल १८०० च्या पुढचं. त्यानं प्रत्येक कामगाराजवळ लाकडाचा एक छोटा चौकोनी ठोकळा टांगला, चार बाजूंना चार रंग. काल काम वाईट झालं तर काळी बाजू पुढं, बरं झालं तर निळी, चांगलं तर पिवळी, उत्तम तर पांढरी. रंग लावणार सुपरवायझर, आणि रोजचा रंग वहीत उतरवला जायचा. ऐकायला अपमानास्पद वाटतं, आहेच, सगळ्यांदेखत तुमच्या डोक्याशी काळा रंग लोंबतोय. पण दोन गोष्टी बघा. रंग ज्याचा त्याला रोज दिसत होता, आणि सुपरवायझरनं चुकीचा रंग लावला असं वाटलं तर कामगाराला थेट ओवेनकडं तक्रार घेऊन जायची मुभा होती. दोनशे वर्षांपूर्वी.

दुसरा तो टेलर. फ्रेडरिक टेलर, ज्यानं स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या हातापायांच्या हालचाली मोजल्या आणि मॅनेजमेंटचं शास्त्र काढलं म्हणून ज्याचं नाव प्रत्येक एमबीएवाला घेतो. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कारखान्यात बिडाचे, म्हणजे कच्च्या लोखंडाचे, ४०-४२ किलोचे ठोकळे उचलून वॅगनीत टाकायचं काम होतं, माणशी दिवसाला साडेबारा टन व्हायचं, टेलरनं ते साडेसत्तेचाळीस टनावर नेलं. पगार वाढवला १ डॉलर १५ सेंटचा १ डॉलर ८५ सेंट. काम जवळजवळ चौपट आणि पगार दीडपटीच्या थोडा वर, हे गणित मी फाउंड्रीत काही जणांना सांगितलं तर साचे बनवणारा एक मोल्डर म्हणाला, आपल्या मालकाला सांगू नका. बीड उचलणारा माणूस बुद्धीनं बैलाच्या जवळचा असावा अशा अर्थाचं टेलरनं लिहून ठेवलंय, म्हणजे माणूस काय प्रेमळ होता असं नाही. तरीसुद्धा त्याच्या पद्धतीत रोज सकाळी कामगाराला चिठ्ठी मिळायची. पांढरी चिठ्ठी म्हणजे काल ठीक झालं, पिवळी म्हणजे कमी पडलास, आता सांभाळ. इतका कडक माणूस, पण कालचा निकाल आज सकाळी हातात. आणि ज्यांना हे स्टॉपवॉचचं प्रकरण मान्य नव्हतं ते बोललेसुद्धा. १९११ मध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात मोल्डर लोक, आमच्याच धंद्यातले, स्टॉपवॉच बघून काम सोडून बाहेर पडले आणि पुढं अमेरिकेच्या संसदेनं सरकारी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉचवर बंदीच घातली. स्टॉपवॉच हातात धरून समोर उभा राहिलेला साहेब दिसत होता म्हणून हे जमलं. आता मोजणारा दिसतच नाही, संप कुणाच्या तोंडावर करणार?

फोर्डनं १९१३ ला फिरती लाईन आणली आणि १९१४ ला दिवसाला ५ डॉलर देतो म्हणाला, त्याच्या बदल्यात कामगारांच्या घरी इन्स्पेक्टर पाठवले, दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का बघायला. अमेरिकेतल्याच हॉथॉर्नच्या कारखान्यात पुढं मुलाखती घेऊन कामगारांचं म्हणणं विचारायचा प्रयोग झाला. आणि टोयोटानं तर लाईनवरच्या साध्या कामगाराच्या हातात दोरी दिली, काही चुकतंय वाटलं तर ओढ आणि थांबव. आपल्याकडं कितीतरी कारखान्यांत फाईव्ह एसचे, म्हणजे त्या जपानी टापटिपीच्या पद्धतीचे, बोर्ड लागले, झाडू मारायचा वार ठरला, टूलची जागा रंगवून झाली. ती दोरी मात्र मी कुपवाडात कुठं बघितली नाही.

कुणी म्हणेल ह्या सगळ्या परदेशातल्या गोष्टी. बरं, मग आपल्या जिल्ह्यातलं सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या रखवालीला ठेवलं होतं. ज्याच्यावर नजर ठेवायची त्यालाच राखणीला ठेवला! आणि १९३९ ला त्याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर झालं, भिंत नसलेला तुरुंग. कैदी तिथं बायकापोरांसकट राहून शेती करायचे. एकीकडं ते जेरेमी बेंथमचं गोल तुरुंगाचं डिझाईन, मधी एक पहारेकरी आणि त्याला सगळे दिसणार पण तो कुणाला दिसणार नाही, ज्याची मूळ कल्पना त्याच्या भावाला रशियात कामगारांवर नजर ठेवायला सुचली होती, म्हणजे आधी कारखाना आणि मग तुरुंग. आणि एकीकडं आटपाडीचा माळ. सिव्हिल इंजिनिअरिंगवाल्यांना गोल इमारत शिकवतात का माहीत नाही, पण एचआरवाल्यांची एखादी सहल स्वतंत्रपूरला काढायला काय हरकत आहे?

एवढा विश्वास आजच्या कंपनीनं ठेवावा अशी माझी अपेक्षा नाही. मोजा खुशाल. फक्त दाखवा.

आता घरातलं सांगतो. सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचं काम घरनं करते, आमच्या मागच्या खोलीत बसून. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिच्या नावापुढं हिरवा ठिपका असतो, थोडा वेळ माऊस हलला नाही की पिवळा होतो. ती एका क्लायंटशी फोनवर बोलत होती, वहीत उतरवून घेत होती, चांगली पाऊण तास, मी दारातनं बघतोय, आणि तेवढा सगळा वेळ तो ठिपका पिवळा. म्हणजे कंपनीच्या लेखी बाई झोपली होती. महिनाअखेरीला मेल आला की तुमचा ॲक्टिव्ह टाईम टीमच्या सरासरीच्या खाली आहे. किती खाली, कुठल्या दिवशी, कशावरनं, काही नाही. तिनं मॅनेजरला विचारलं तर तो बिचारा म्हणाला मलाही नुसता आकडाच येतो, कसा काढला ते मलाही दिसत नाही. हे ऐकून मी उडालो. आमच्या वेळी साहेब खडूस असायचा, कार्डावरचा लाल छाप दाखवून पगार कापायचा, पण त्याला स्वतःला माहीत नाही की का कापला असं कधी नव्हतं. मग पोरंही काय कमी नाहीत. तिच्या ऑफिसातल्या एकानं म्हणे माऊसच्या खाली काट्याचं घड्याळ ठेवलंय, सेकंद काटा फिरला की माऊसला वाटतं आपण हललो, ठिपका हिरवाच. आमच्याकडं एकाचं कार्ड दुसऱ्यानं मारायचं तेच हे. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेनं २०२४ मध्ये कीबोर्डची खोटी हालचाल दाखवली म्हणून डझनावर लोकांना काढल्याची बातमी होती, म्हणजे हा रोग सगळीकडचा. माणूस काम करतोय का ह्यापेक्षा ठिपका हिरवा आहे का हे बघितलं की लोक काम सोडून ठिपकाच सांभाळणार, ह्यात नवल ते काय.

गल्लीतला एक पोरगा घरपोच जेवण पोचवायचं काम करतो, बारावी झालेला, घरात तोच कमावता. पावसाळ्यात मारुती चौकात पाणी आलं होतं, मोबाईलवरचा नकाशा त्याला त्याच रस्त्यानं जा म्हणत होता, हा वळसा घालून गेला, ऑर्डरला उशीर, गिऱ्हाईकानं एक स्टार दिला. असं दोन-चारदा झालं आणि एका सकाळी त्याचा आयडीच बंद. ॲपच्या चॅटवर विचारलं की तेच एक वाक्य परत परत, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. माझ्याकडं आला, काका एक अर्ज लिहून द्या. मी पॅड काढला, तारीख टाकली, प्रति लिहिलं आणि थांबलो. प्रति कोण? कंपनीचं सांगलीत ऑफिस नाही, साहेब नाही, फोरमन नाही, आयडी बंद करणाऱ्याचं नाव त्या पोराला ठाऊक नाही. शेवटी "प्रति, व्यवस्थापक" असं लिहून ईमेलला जोडून पाठवला. उत्तर आलं, तेच वाक्य.

जत-आटपाडीकडं रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासनं दिवसातनं दोनदा मोबाईलवर फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. माळावर रेंज नाही, फोटो चढला नाही, तर दिवसभर खोदकाम केलेल्या बाईचा रोज बुडाला, आणि दुसरीकडं फोटोचा फोटो काढून बोगस हजेरी लावणारे बहाद्दर निघालेच. कॅमेऱ्यानं चोर थांबला नाही आणि साव मात्र अडकला.

मालक मंडळी म्हणतील की टाईमकीपरला जुन्याचं कौतुक. तसं नाही. जुन्यात किती घाण होती ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. ओव्हरटाईम लावायला चहापाणी मागणारे फोरमन होते. ठेकेदाराच्या मस्टरला पाच-पाच नावं अशी असायची की ती माणसं कधी गेटमधनं आत आलीच नाहीत, त्यांचा पगार ठेकेदाराच्या खिशात. चेहरा बघणारं मशीन आल्यावर ती भुतं गेली आणि खऱ्या कंत्राटी पोरांचे पीएफचे दिवस बरोबर लागायला लागले, हे मी मान्य करतो, चांगलंच झालं. माझी तक्रार मशीनवर नाहीच. मशीन आलं तेव्हा लाल-निळा छाप गेला, कार्ड गेलं, आणि शेऱ्याचा रकानासुद्धा गेला, त्यावर आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला कुणी सांगितलंच नसेल की असा एक रकाना असतो.

आता कायद्याचं. पगाराचा कायदा १९३६ चा, इंग्रजांच्या अमदानीतला, त्यात दंडाबद्दल लिहिलं होतं ते बघा. कुठल्या चुकीला दंड होणार ती यादी आधी लावायची, ज्याला दंड करायचा त्याचं म्हणणं आधी ऐकायचं, त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर दंड नाही, दंडाचं रजिस्टर वेगळं, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच उपयोगाला. सगळीकडं पाळलं जायचं असं म्हणत नाही, पण इन्स्पेक्टर आला की ते रजिस्टर मागायचा आणि ते निघायला लागायचं. आता दंड असं कुणी म्हणतच नाही. इन्सेंटिव्ह कमी येतो, रेटिंग पडतं, चांगले स्लॉट मिळत नाहीत, आयडी बंद होतो. दंड नाव दिलं नाही की विचारायचीही गरज नाही, ३ टक्क्यांचीही अट नाही.

आणि माहितीचा नवा कायदा, २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटावाला. वकिली करणाऱ्या एका मित्राबरोबर बसून वाचला. त्यातल्या कलम ७ नुसार नोकरीच्या कारणासाठी मालकाला कर्मचाऱ्याची माहिती त्याची संमती न घेताही वापरता येते. चला, हजेरीला संमती कशाला पाहिजे, समजू शकतो. पण पुढं कलम ११ आणि १२, स्वतःची माहिती मागायचा आणि चुकलेली दुरुस्त करून घ्यायचा हक्क, तो ज्यानं संमती दिली त्याला. म्हणजे दुकानदारानं माझा मोबाईल नंबर माझ्या परवानगीनं घेतला तर मी त्याला विचारू शकतो माझं काय काय लिहून ठेवलंय, आणि जी कंपनी मला दिवसाचे आठ-नऊ तास मोजते तिला ह्या कलमांखाली नाही विचारू शकत! आमच्या मित्राला मी दोनदा परत वाचायला लावलं. सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून सांगितला, त्यानंतरचा हा कायदा.

मग कंपनीच्या नियमांत तरी असावं, तर तिथंही दार बारीक झालंय. स्टँडिंग ऑर्डर म्हणजे कामाचे लेखी नियम, शिस्त, चौकशी कशी करायची ते सगळं. १९४६ च्या मूळ कायद्यात १०० कामगारांच्या कारखान्याला ते लागायचे. नव्या कामगार संहितेत तो आकडा ३०० केला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात संहिता लागू झाल्या. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत ३०० कामगार असलेले कारखाने किती निघतील ते तुमच्या बातमीदारानं एकदा फिरून बघावं. इथं सगळा धंदा लहान शेडमधला, वीस माणसं, पन्नास माणसं. त्या पोरांनी चेहरा दाखवायचा, पण चेहरा ओळखला नाही तर काय हे कुठंच लिहिलेलं नाही. ही गंमत नाही, फाउंड्रीत काजळीनं काळं झालेलं तोंड मशीनला ओळखता येत नाही, पोरं नळाला तोंड धुऊन परत रांगेत लागतात आणि तेवढ्यात लेट.

म्हैसाळच्या पुढं कागवाडला गेलं की कर्नाटक लागतं, मिरजेहून स्कूटरवर जायचं अंतर. कर्नाटकानं २०२५ मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांचा कायदा केला, त्यात कामावरनं काढायचं तर लेखी कारण आणि १४ दिवस आधी नोटीस, आणि ॲप तुमच्यावर नजर कशी ठेवतं, कुठला निर्णय आपोआप घेतं, ह्याची माहिती कामगाराला मागता यायला पाहिजे. राजस्थाननं २०२३ ला सुरुवात केली होती, आता शेजारच्यांनी केलं. गिरण्यांचा आणि युनियनचा इतिहास सांगणारं महाराष्ट्र राज्य मात्र तासांवर भांडत बसलंय. कागवाडचा पोरगा आयडी का बंद केला म्हणून कायद्यानं विचारणार आणि आमच्या विश्रामबागच्या पोराला "प्रति" पुढं काय लिहायचं ते कळत नाही, हे बरं दिसतं का? आपले आमदार गणपती, दहीहंडीचे फ्लेक्स लावतात त्यातनं सवड काढून एवढं विचारतील का विधानसभेत. सुप्रिया सुळेंनी लोकसभेत ऑफिस सुटल्यावर फोन न उचलायच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं तेव्हा लोक हसले होते, हसू द्या, पण मांडलं तरी.

आणि कायदा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. इथल्या कारखानदारांना मी ओळखतो, अर्धे माझ्यासमोर धंद्यात आले. त्यांना माझं सांगणं साधं आहे. जी हजेरी, जो आकडा, जे रेटिंग पगारावर परिणाम करतं ते महिन्यातनं एकदा कागदावर छापून ज्याचं त्याच्या हातात द्या, पगार काढायच्या आठवडाभर आधी. मराठीत. त्यावर शेवटी एक रकाना मोकळा सोडा, त्यात त्या माणसाला जे लिहायचं ते लिहू द्या, आणि खाली एका जिवंत माणसाचं नाव आणि टेबल नंबर टाका की ह्याच्याकडं या. प्रिंटरला कागद लागेल, दुसरं काही लागणार नाही. सहायक कामगार आयुक्त साहेबांनी नुसतं एक पत्रक काढून सुचवलं तरी दहा-वीस जण सुरू करतील, बाकीचे त्यांचं बघून करतील. सूनबाईच्या पुण्याच्या कंपनीला मी काय सांगणार, तिथं माझं कोण ऐकतंय, पण तुमच्या वाचकांत अशा कंपन्यांचे मॅनेजर असतील, त्यांनी निदान स्वतःला तो आकडा कसा काढला हे दिसतं का ते उद्या ऑफिसात विचारून बघावं.

पत्र लांबलंय ह्याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर टेलर, फोर्ड, ओवेन सगळे काढून टाका, कलम ११-१२ चं आणि कर्नाटकाचं तेवढं ठेवा, आणि नाव छापू नका, सूनबाईची नोकरी चालू आहे.

आपला,
एक निवृत्त टाईमकीपर
विश्रामबाग, सांगली